जुन्या कपाटाच्या पितळी मुठी, कड्या, बिजागऱ्या साफ करायच्यात? आधी लाकूड वाचवा

जुन्या सागवानी कपाटाच्या मुठी काळ्या पडल्या की बहुतेक घरात एकच गोष्ट होते, कोणीतरी ओल्या फडक्यावर भांड्यांची पावडर घेतं आणि मूठ कपाटाला आहे तशीच खसाखसा घासायला बसतं. मूठ चमकते, घरातले सगळे खूश होतात, आणि मुठीभोवतीचं लाकूड मात्र कायमचं खराब होतं. पॉलिश पांढरट पडतं, पावडर नक्षीच्या फटींमध्ये जाऊन बसते आणि सुकून घट्ट होते. पितळ दणकट असतं हो, आज नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत घासता येतं, पण जुनं चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश एकदा उडालं की तसंच हाताने पॉलिश करून देणारा माणूस आता शोधत फिरावं लागतं. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने लिहिलंय, आधी लाकडाचा विचार आणि मग पितळाचा.

तांब्या, समई, घंगाळ घासायची पद्धत इथे चालत नाही हे पहिल्यांदा समजून घ्या. भांड्याला आपण चिंच चोळतो, नळाखाली धरतो, उन्हात पालथं घालतो, काम झालं. मुठीच्या मागे स्क्रू असतो, कधी आत लोखंडी स्प्रिंग असते, ओतीव मुठी आतून पोकळ असतात त्यात पाणी राहतं, आणि हे सगळं परत लाकडावर जाऊन बसणार असतं. आत राहिलेला आंबटपणा आणि मीठ हळूहळू बाहेर येतं आणि दोन-तीन महिन्यांत हिरवे ठिपके दिसायला लागतात, मग लोक म्हणतात की पितळच हलकं होतं.

सुरुवात चुंबकाने करा. फ्रीजवर लावायचं चुंबक पण चालेल. खऱ्या पितळाला चुंबक चिकटत नाही कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, साधारण ६० ते ७० टक्के तांबं आणि बाकी मुख्यतः जस्त, त्यात लोखंड जवळपास नसतंच. चुंबक घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळाचा नुसता मुलामा आहे. मुलाम्याला कुठलीही पावडर, कुठलंही पॉलिश लावू नका, तो थर इतका पातळ असतो की जरा जोर लावला की खालचं लोखंड दिसतं आणि मग गंज चढतो. अशा मुठी कोमट साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसायच्या, लगेच कोरड्या करायच्या, बस. चुंबक चिकटलं नाही म्हणजे पितळच असंही नाही बरं का, जस्ताच्या ओतीव मुठींवर पण पितळी मुलामा देतात आणि तिथे चुंबक गप्प बसतं. त्यासाठी मुठीच्या मागच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, सुईने एक बारीकशी रेघ ओढा, आतून पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी-पांढरं दिसलं तर मुलामा.

दुसरी तपासणी लॅकरची. बऱ्याच मुठींवर कारखान्यातच पारदर्शक लॅकर मारलेलं असतं म्हणजे पितळ काळं पडू नये. हे लॅकर जुनं झालं की मध्येमध्ये उडतं आणि तेवढ्याच जागी पितळ काळं पडतं, बाकी ठिकाणी पिवळं राहतं, त्यामुळे मूठ अशी चट्ट्यापट्ट्याची दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेघा पण दिसतात. असं दिसलं की समजायचं लॅकर आहे, आणि लॅकर काढल्याशिवाय कितीही घासलं तरी काही होणार नाही कारण डाग लॅकरच्या खाली आहे. एकसारखा तपकिरी-काळपट रंग सगळीकडे असेल तर लॅकर बहुतेक नाहीये.

आता मुठी काढायच्या. या कामाला घाई केलीत तर पुढचं सगळं बिघडतं म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. जुने स्क्रू पितळी असतात आणि पितळ मऊ असतं, स्क्रू ड्रायव्हर खाचेत सैल बसला की खाच फाटते आणि मग तो स्क्रू काढणं म्हणजे शिक्षा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेच्या पूर्ण लांबीला आणि जाडीला भरून बसलं पाहिजे, दोन-तीन मापाचे घेऊन बसा आणि प्रत्येक स्क्रूला लावून बघा. खाचेत वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि मळ साठलेला असतो, तो आधी सुईने किंवा दाभणाने कोरून काढा. मग स्क्रू ड्रायव्हर सरळ धरून, तळहाताने वरून दाब देऊन, आधी अगदी किंचित घट्ट करायच्या दिशेला फिरवा आणि मगच उलटा फिरवा, आत धरलेली पकड अशी सुटते. नाहीच हलला तर सोल्डरिंगच्या गरम टोकाने फक्त स्क्रूचं डोकं अर्धा-एक मिनिट तापवा, गार होऊ द्या, परत प्रयत्न करा. टोक लाकडाला टेकू देऊ नका. तेलाचा स्प्रे मारायचा मोह होतो पण तो लाकडात मुरतो आणि काळा डाग पडतो, नंतर पॉलिशही तिथे धरत नाही, त्यामुळे तो नकोच.

आणखी एक, हे काम भर पावसाळ्यात काढू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं, स्क्रू आवळले जातात, खण अडकतात. दसरा-दिवाळीच्या साफसफाईला, पाऊस जाऊन हवा कोरडी झाली की तेच स्क्रू बऱ्यापैकी सरळ निघतात.

काढलेला प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात परत जायला हवा, हाताने बनवलेल्या जुन्या सामानात दोन स्क्रू सारखे नसतात. एक जाड पुठ्ठा घ्या, त्यावर कपाटाचं ओबडधोबड चित्र काढा, कुठला खण, कुठली बिजागरी, आणि त्या त्या जागी स्क्रू पुठ्ठ्यात खुपसून ठेवा. मुठींना मागे सुतळीने चिठ्ठी बांधा, उजवी-डावी, वरची-खालची. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा ते वेगळंच. मूठ काढल्यावर खाली लाकडावर तिची सावली दिसेल, तेवढ्या भागाचा रंग वेगळा असतो कारण तिथे वर्षानुवर्षं उजेड आणि हात लागलेला नाही. ती सावली घासून काढायला जाऊ नका, मूठ परत बरोबर तिथेच बसली की ती दिसतही नाही.

बिजागऱ्या मात्र काढायच्या का याचा दहा वेळा विचार करा. दार जड असतं, एकदा उतरवलं की परत लेव्हलला बसवायला सुतार लागतो. बिजागरीचा दिसणारा भाग तेवढाच जागेवर साफ केला तरी चालतं, ते कसं ते पुढे सांगते.

काढलेले सगळे भाग आधी नुसते धुवा. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, किंवा रिठ्याचं पाणी असेल तर उत्तमच, रिठा सौम्य असतो. अर्धा तास भिजवून ठेवा आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासा. तुम्हाला वाटेल काळं पडलंय म्हणजे पितळ खराब झालंय, पण त्यातला अर्धा काळेपणा हाताचा तेलकटपणा, धूळ आणि जुनं पॉलिश असतो आणि तो नुसत्या साबणाने निघून जातो. खूप वेळा इथेच थांबलं तरी मूठ सुंदर दिसते, गडद मधासारखा रंग येतो, आणि मला विचाराल तर शिसवी किंवा जुन्या सागवानी कपाटाला तोच रंग शोभतो. नवीकोरी पिवळीधमक मूठ जुन्या काळसर लाकडावर डोळ्यात खुपते.

मुठीचा दांडा जिथे चकतीत शिरतो तिथे कधीकधी हिरवा, मेणासारखा मऊ चिकट थर असतो. तो गंज नसतो, तेल किंवा मेण पितळाच्या संपर्कात राहून राहून त्यातल्या तांब्याशी मिसळून तो तयार होतो. म्हणूनच पितळ चमकावं म्हणून खोबरेल तेल लावून ठेवायची जी सवय आहे ती फर्निचरला नको, आज चमक येते आणि वर्षभराने हिरवा चिकटा. हा थर दात कोरायच्या लाकडी काडीने खरवडायचा आणि उरलेला कापसाच्या बोळ्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसायचा. लोखंडी काहीही वापरू नका, पितळावर चरे पडतात.

लॅकर असेल तर ते आता काढायचं. मुठी सुट्ट्या असल्या तर सोपं आहे, स्टीलच्या जुन्या पातेल्यात पाणी उकळा, लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा खायचा सोडा, त्यात मुठी १५-२० मिनिटं मंद आचेवर ठेवा, लॅकर पापुद्र्यासारखं सुटून येतं. अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोड्याने अॅल्युमिनियम काळं पडतं. आणि त्या पातेल्यात परत स्वयंपाक करायचा नाही. एवढ्याने गेलं नाही तर अॅसिटोन असलेलं नेलपेंट रिमूव्हर किंवा थिनर फडक्यावर घेऊन पुसायचं, खिडक्या उघड्या ठेवून, गॅस बंद ठेवून, आणि कपाटापासून लांब. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगते, जुन्या फर्निचरचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख असते, त्यावर स्पिरिट, अॅसिटोन किंवा थिनरचा एक थेंब पडला तरी पॉलिश तिथल्या तिथे विरघळतं. त्यामुळे मूठ कपाटाला लागलेली असताना यातलं काहीही वापरायचं नाही, म्हणजे नाहीच.

कोणीतरी कधीतरी कपाटाबरोबर मुठींनाही ऑइलपेंट फासलेला असतो, तोही याच सोड्याच्या गरम पाण्यात मऊ होतो आणि लाकडी काडीने ढकलला की निघतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नका, हातात ग्लोव्हज घाला, आणि लहान मुलं आसपास नकोत.

आता प्रत्यक्ष चमकवणं. माझी पहिली पसंती खडूच्या पावडरीला. पांढरे साधे खडू बारीक कुटायचे, पातळ सुती कापडातून चाळायचे, आणि थोड्या पाण्यात टूथपेस्टइतकं घट्ट कालवायचं. यात कुठलाही आंबटपणा नाही, वास नाही, आणि कण इतके बारीक की चरे पडत नाहीत. चाळायचा कंटाळा मात्र करू नका, खडूत कधीकधी रेतीसारखे कण असतात. साधी पांढरी टूथपेस्ट पण चालते पण ती नक्षीत अडकते आणि धुवायला वेळ लागतो. पितांबरीसारखी पावडर देवाच्या भांड्यांना ठीक आहे, सुट्ट्या काढलेल्या साध्या, नक्षी नसलेल्या मुठीला पण चालेल, फक्त नंतर नीट धुवावं लागतं. राख, रांगोळी, वाळू हे पूर्वी वापरायचे, पण पूर्वीची भांडी जाड होती आणि त्यांच्यावर कोणी नाजूक फुलापानांची नक्षी कोरलेली नव्हती.

एक मूठ हातात घ्या, समजा खणाची लोंबती मूठ आहे आणि मागे पानाच्या आकाराची चकती आहे. जुन्या बनियनचा तुकडा बोटाला घट्ट गुंडाळा, त्यावर हरभऱ्याएवढी खडूची पेस्ट घ्या, आणि चकतीच्या मधल्या सपाट भागावरून लांबीच्या दिशेने पुढे-मागे घासा, गोल गोल नको, गोल घासलं की उजेडात भोवऱ्यासारखे चरे दिसतात. पहिल्या मिनिटात कापड राखाडी होतं, मग काळं होतं. कापडाची जागा बदला, परत घासा. आता इथे बहुतेक लोक अडकतात, कापड काळं येतंय म्हणजे अजून मळ आहे असं समजून ते घासतच राहतात. पितळ पूर्ण स्वच्छ झालं तरी कापड काळंच येणार, कारण तेव्हा मळ संपलेला असतो आणि धातूच झिजून कापडावर येत असतो. त्यामुळे कापडाकडे बघू नका, मुठीकडे बघा. उंचवटे पिवळे झाले, कडा उजळल्या, बोट जिथे लागतं तो भाग चमकला की थांबा. पानाच्या शिरांमधला, कोपऱ्यांमधला काळेपणा तसाच राहू द्या. त्या काळेपणामुळेच नक्षी उठून दिसते, तो कोरून काढलात तर पान सपाट, निर्जीव दिसतं. कितीतरी देव्हाऱ्यांवरचे मोर बघा, दर सणाला घासून घासून चोच आणि डोळे गुळगुळीत होऊन गेलेत, आता मोर आहे का कबूतर आहे ते घरच्यांनाच माहीत.

हे सगळं करूनही जे जाड काळे किंवा हिरवे डाग राहतात तिथेच आंबट वापरायचं, सगळ्या मुठीला नाही. चिंचेचा कोळ, लिंबू, व्हिनेगर, आणि आमच्या कोकणात आमसूल, सगळ्यांचं काम एकच, काळा थर म्हणजे तांब्याचे ऑक्साइड आणि असली संयुगं, ती आम्लात विरघळतात. चिंच मला सगळ्यात बरी वाटते कारण कोळ दाट असतो, जिथे लावला तिथेच राहतो, वाहून इकडे तिकडे जात नाही. डागावर लावा, दोन मिनिटं थांबा, ब्रशने घासा, धुवा, बघा, लागलं तर परत. रात्रभर लिंबाच्या रसात बुडवून ठेवायचा सल्ला खूप ठिकाणी मिळतो, तो अजिबात ऐकू नका. जास्त वेळ आम्लात राहिलं की पितळातलं जस्त निघून जातं आणि वर नुसतं तांबं उरतं, मूठ गुलाबी-लालसर दिसायला लागते. अशी लाली हलकी असेल तर खडूने घासून जाते, खोल गेली तर जात नाही.

मीठ घालू नका. लिंबू-मीठाने पटकन उजळतं हे खरंय, पण मिठाचा अंश फटीत राहिला की तोच पुढे हिरवा कळंक आणतो. समुद्राजवळच्या घरांमध्ये, रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंत, हवेतच इतका खारेपणा असतो की पितळ लवकर खराब होतं, त्यात आपण अजून मीठ कशाला घालायचं? आंबट लावून झालं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, मग साध्या पाण्यातून दोनदा, आणि लगेच कोरडं पुसा. बोअरिंगचं जड पाणी असेल तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या नाहीतर सुकल्यावर पांढरे डाग पडतात. पोकळ जागा हेअर ड्रायरने सुकवा किंवा तासभर उन्हात ठेवा.

बाथरूम साफ करायचं अॅसिड पितळाला दाखवू सुद्धा नका. क्षणात चमकतं म्हणून लोक वापरतात, पण ते जस्त ओढून घेतं, त्याची वाफ आजूबाजूच्या लोखंडी स्क्रू-खिळ्यांना गंजवते आणि आपल्या नाकाघशाला तर त्रासदायक आहेच. लोखंडी घासणी पण नको, अगदी बारीक प्रकारची सुद्धा, तिचे तुकडे फटीत अडकतात आणि गंजून तपकिरी ठिपके देतात. आणि बफ मशीन. पॉलिशवाले पाच मिनिटांत आरसा करून देतात, पण मशीन कडा गोल करतं, नक्षी खातं. साध्या गुळगुळीत नळीदार मुठीला एकवेळ ठीक, नक्षीच्या वस्तूला नाही.

आता ज्या गोष्टी काढताच येत नाहीत त्यांचं बघू. जुने पेटारे असतात, लग्नात आलेले, त्यांच्यावर पितळी पत्र्याच्या पट्ट्या आणि फुगीर डोक्याचे पितळी खिळे ठोकलेले असतात, ते खिळे आतून वाकवलेले असतात. ते उपटायला जाऊ नका, लाकूड फुटेल आणि पत्रा पण फाटेल. इथे पाणी, आंबट, काही नको. पट्टीच्या कडेने मास्किंग टेप लावायचा, पण आधी टेप अंगठ्याने कपड्यावर दोनदा चिकटवून काढायचा म्हणजे चिकटपणा कमी होतो आणि काढताना पॉलिश उचलून येत नाही. पॉलिश आधीच पोपडे धरत असेल तर टेप पण नको, त्याऐवजी जुन्या एक्स-रेच्या फिल्मला किंवा जाड प्लास्टिकला खिळ्याच्या डोक्याएवढं भोक पाडा, ते खिळ्यावर बसवा, आणि भोकातून वर आलेलं डोकं तेवढंच घासा, मग पुढच्या खिळ्यावर सरकवा. बिजागरीला पण हीच युक्ती, फक्त भोक चौकोनी. पेस्ट अगदी कमी, जवळजवळ कोरडी, इअरबडवर किंवा काडीला कापूस गुंडाळून. काम सावकाश होतं, एका बसणीत होत नाही, रोज एक पट्टी घ्या.

आधीच कोणीतरी पावडरीने घासून ठेवलंय आणि फटींमध्ये पांढरा थर बसलाय, अशी कपाटं खूप असतात. तो थर पाण्याने धुवायला जाऊ नका. कोरड्या ताठ ब्रशने, रंगाचा जुना ब्रश केस अर्धे कापून, झटकून काढा, काडीने कोरा, आणि उरलेला कापसावर किंचित टर्पेंटाइन घेऊन टिपा. लाखेच्या पॉलिशला टर्पेंटाइन सहसा काही करत नाही, तरी मागच्या बाजूला एका कोपऱ्यात लावून बघाच.

झोपाळ्याच्या कड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं कारण त्यावर माणसं बसतात. पितळी कड्या, मध्ये हत्ती, मोर, स्वार असलेल्या, खूप घरांमध्ये अजून वापरात आहेत. बाटलीतल्या लिक्विड मेटल पॉलिशचं झाकण उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर त्यात अमोनिया आहे असं समजा, आणि ते या कड्यांना लावू नका. पितळावर ताण असताना अमोनिया लागत राहिला तर पितळ आतून तडकू शकतं. हे इथे भारतातच उघड झालं होतं, ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली असायची आणि ती आपोआप तडकायची, घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि पितळात बनवतानाच राहिलेला ताण हे त्याचं कारण १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. एकदा पॉलिश लावलं म्हणून झोपाळा तुटणार नाही, पण जी वस्तू सतत वजन पेलते, आणि जिच्या सांध्यात पॉलिश साठून राहतं, तिच्यासाठी तो धोका कशाला घ्यायचा, खडू आहे ना. कड्या उतरवल्यात तर साफ करायच्या निमित्ताने प्रत्येक कडीचा आतला भाग, जिथे दुसरी कडी घासते, तो बोटाने चाचपून बघा. मूळ जाडीपेक्षा स्पष्ट झिजलेली दिसली किंवा केसासारखी रेघ दिसली तर ती कडी चमकवायची नाही, बदलायची. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे किंवा तुमच्या गावच्या तांबटाकडे, ओतकाम करणाऱ्याकडे जुनी कडी नेऊन दाखवा.

चमकवून झालं की उघडं पितळ तसंच सोडू नका, हाताच्या घामाने दोन दिवसांत बोटांचे ठसे उमटतात. सुती ग्लोव्हज घालूनच पुढचं काम करा. मूठ हेअर ड्रायरने जरा कोमट करा, मधमाशीचं मेण आणि टर्पेंटाइन मिसळून केलेलं मऊ मेण, किंवा गाडीचं साधं मेण ज्यात घासणारे कण नाहीत असं, अगदी पातळ लावा, दहा मिनिटांनी स्वच्छ कापडाने पुसून चमकवा. जाड लावलं तर तेच आधी सांगितलेलं हिरवं चिकट प्रकरण परत होईल, म्हणून पातळ म्हणजे खरंच पातळ. नवीन लॅकर स्प्रे मारायचा सल्ला मी देत नाही, मुठीला रोज हात लागतो, लॅकर सहा-आठ महिन्यांत एका ठिकाणी उडतं आणि परत ते चट्टेपट्टे. ज्याला हात लागत नाही अशा वरच्या शोभेच्या तुकड्यांना चालेल. मेण मात्र वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी लावलं की पुरतं, आणि एरवी कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, एवढंच. रोज वापरातल्या मुठी तर हात लागून लागूनच उजळ राहतात.

परत बसवताना स्क्रू साबणाच्या वडीवर किंवा मेणबत्तीवर फिरवून घ्या म्हणजे सहज आत जातो. भोक ढिलं झालं असेल तर बांबूची काडी फेव्हिकॉल लावून आत ठोका, एक दिवस सुकू द्या, जास्तीची कापून टाका, आणि मग स्क्रू. नवीन भोक पाडलंत तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्या, तो काढा आणि मग पितळी घाला, डायरेक्ट पितळी स्क्रू सागात दाबला तर मधूनच मोडतो. एखादा स्क्रू हरवलाय म्हणून लोखंडी मात्र लावून ठेवू नका, लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की स्क्रूभोवती काळानिळा डाग पसरतो आणि तो लाकडात खोल जातो. पितळी स्क्रू जुन्या हार्डवेअरच्या दुकानात अजून सुटे मिळतात. सगळे स्क्रू आधी अर्धवट घालून घ्या, मूठ सावलीवर बरोबर बसली का बघा, मग एकेक आवळा, आणि शेवटचा अर्धा आटा जोर लावू नका.

कुलूप असेल तर ते कधीही पाण्यात घालायचं नाही, आत पोलादी स्प्रिंग आणि खटके असतात. बाहेरची पितळी पट्टी तेवढी साफ करायची आणि आत तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड, किल्लीला चोळून दहा-बारा वेळा फिरवायची, तेलाने आत धूळ चिकटून काही वर्षांनी कुलूप जाम होतं.

एखादी मूठ हरवलेलीच असेल आणि मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जोडीची मिळाली नाही तर एक जुनी मूठ नमुना म्हणून देऊन ओतून घेता येते. नवीन मूठ आली की ती बाकीच्यांमध्ये पिवळीजर्द दिसेल, तिला काळी करायला केमिकल लावत बसू नका. तिच्यावर लॅकर असेल तर बसवायच्या आधी अॅसिटोनने काढून टाका, मेण लावू नका, आणि ज्या खणाला सगळ्यात जास्त हात लागतो त्या खणाला ती लावा. एक पावसाळा गेला की तिच्यावर आपोआप रंग चढायला लागतो, बाकीच्यांच्या जवळ आली की मग तिलाही मेण लावायचं.